गाळलेली जागा आणि अध्याहार

‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नातील रेघेवरून नेमके काय गाळले गेले आहे, शब्द की अर्थ, याचा निवाडा आपले परीक्षक ज्या सहजतेने करतात, त्या सहजतेने तो वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना कधी करता आला नाही. कोणी ‘दार’ एवढेच म्हटले तरी ऐकणारा उठून ते लावतो. अनुच्चारित क्रियेची ही जी पूर्ती, तिलाच शास्त्रकार अध्याहार म्हणतात. मीमांसकांपैकी प्रभाकराच्या अनुयायांच्या मते येथे केवळ अर्थ पुरविला जातो. उलट कुमारिलाचा पक्ष असा की, शब्दाने जागविलेली आकांक्षा, म्हणजे पुढच्या शब्दाची अपेक्षा, शब्दावाचून शमतच नाही.

आता परीक्षेतल्या गाळलेल्या जागांकडे वळू. ब्रेस्लाऊ येथील शाळकरी मुलांपुढे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1897 साली खंडित वाक्ये ठेवली, आणि 1953 साली विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकाने उताऱ्यातील ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून जी पद्धत रूढ केली, तीत लेखकाचाच मूळ शब्द आला तर गुण, असा दंडक होता. टेलरला मोजावयाची होती ती लिखाणाची सुगमता. पुढे त्याच पट्टीने वाचणाराही मोजला जाऊ लागला, आणि दंडक मात्र पुष्कळ ठिकाणी तसाच राहिला.

संदर्भाचे सामर्थ्य कोणीच नाकारीत नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादी अर्थनिर्णयाच्या साधनांची यादीच दिली आहे: लक्ष्मणासह आलेला राम दाशरथी, तर कार्तवीर्य अर्जुनाच्या वैरामुळे ओळखला जाणारा राम भार्गव, भोजनाच्या वेळी मागितलेले सैंधव म्हणजे मीठ, प्रयाणाच्या वेळी मागितलेले म्हणजे घोडा. परंतु ‘रात्रभर पाऊस — कोसळत होता’ या वाक्यात ‘मुसळधार’ बसतो, तसाच ‘धो धो’ही बसतो, आकांक्षा, योग्यता (अर्थाची सुसंगती), संनिधी (शब्दांची जवळीक) या वाक्यार्थाच्या तिन्ही अटी दोन्ही शब्द पाळतात, आणि त्यांतला कोणता लेखकाच्या लेखणीतून उतरला होता हे सांगणे वाचकाच्या बुद्धीचे काम नव्हे, योगायोगाचे आहे.

मंत्रातील प्रत्येक अक्षराचा कसोशीने सांभाळ करणाऱ्या मीमांसकांनीही शब्द बदलावा लागेल तेथे केलेली तजवीज विचारात घेण्यासारखी आहे. मूळ इष्टीतील (यज्ञातील) अग्नीच्या नावाचा मंत्र सूर्यासाठी केलेल्या इष्टीत म्हणावयाचा झाला, तर अग्नीच्या जागी सूर्याचे नाव घालतात. यास ऊह म्हणतात, आणि मीमांसासूत्रकार जैमिनीच्या सूत्रांचा नववा अध्याय प्राधान्याने याच विषयाला वाहिलेला आहे. असा घातलेला शब्द मंत्र ठरत नाही, हे जैमिनीने स्पष्ट सांगितले. तरी त्यामुळे कर्म मात्र अडत नाही.

परीक्षकांनी हीच वाट धरावी. पाठांतराची परीक्षा असेल तेथे मूळ शब्दाचाच आग्रह खुशाल धरावा; आकलनाच्या परीक्षेत मात्र तिन्ही अटी पाळणाऱ्या शब्दाला, तो लेखकाचा असो वा नसो, पूर्ण गुण द्यावेत.