आठवत नाही, ते दुखलं का?

ऑपरेशन टेबलावर रुग्णाच्या एका हाताला पट्टा बांधून घट्ट फुगवायचा आणि मग स्नायू शिथिल करणारं औषध शिरेतून द्यायचं. सगळं अंग लुळं पडतं. पट्ट्याखालच्या हातात मात्र औषध पोचत नाही, तो हलू शकतो. मग कानाशी सांगायचं, 'ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.' भूलतज्ज्ञ टन्स्टॉल यांनी १९७७ मध्ये ही युक्ती मांडली. तिचाच वापर करून झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात श्वासनलिकेत नळी घातल्यावर २६० पैकी १२ रुग्णांनी हात दाबला. त्यांतल्या पाच जणांनी पुन्हा दाबून दुखत असल्याचंही कळवलं. शुद्धीवर आल्यावर मात्र एकालाही काहीच आठवत नव्हतं.

मग त्या पाच जणांना दुखलं, की नाही?

बोस्टनमध्ये १८४६ साली ईथरचा जाहीर प्रयोग झाला, तेव्हा झोप, वेदनाशमन आणि विस्मरण ही सगळी कामं एकाच औषधाकडे होती. त्यासाठी मात्रा मोठी लागे आणि नंतर रुग्ण ओकाऱ्यांनी हैराण होई. थोडीथोडी अनेक औषधं एकत्र दिली तर प्रत्येकाचा त्रास कमी होतो, या विचाराला मेयो क्लिनिकच्या जॉन लंडी यांनी १९२६ मध्ये 'संतुलित भूल' असं नाव दिलं. आज प्रोपोफॉल झोपवतं, फेंटानिल वेदना दाबतं, मिडॅझोलॅम भीती घालवतं आणि आठवणही पुसतं. केटामाइनने पडणारी भेसूर स्वप्नं मिडॅझोलॅममुळे कमी होतात. प्रोपोफॉलने उतरणारा रक्तदाब केटामाइन सावरून धरतं. व्यवस्था उत्तम आहे. पण कामांची वाटणी झाली, की त्यातलं एखादं अर्धवट राहण्याची शक्यताही आलीच. स्नायू शिथिल करणाऱ्या क्युरारेने शुद्ध हरपत नाही, हे अमेरिकी डॉक्टर स्कॉट स्मिथ यांनी १९४७ मध्ये ते स्वतःवर टोचून घेऊन दाखवलं होतं. नुसतं क्युरारे आणि विस्मरणाचं औषध दिलं तर त्याला भूल म्हणायचं का, असा तिरकस प्रश्न तत्त्वज्ञ डॅनिएल डेनेट यांनी १९७८ मध्ये विचारला.

आपल्याकडे हा वाद गाढ झोपेवरून रंगला. उठलेला माणूस 'छान झोप लागली, काही कळलं नाही' असं सांगतो. ही आठवण आहे, म्हणजे झोपेतही साक्षी जागा होता, असं अद्वैती म्हणतात. नैयायिकांना ते पटत नाही; त्यांच्या मते गाढ झोपेत ज्ञान नसतंच, माणूस उठल्यावर अनुमान करतो. टेबलावर मात्र दोघांनाही अडचणीत टाकणारी स्थिती असते. हाताने ग्वाही दिली, आणि आठवण नाही. अशा वेळी नाहीसा झाला तो पुरावा. अनुभव झालाच नव्हता, असं त्यावरून म्हणता येत नाही.

हा काथ्याकूट नव्हे, हे तान्ह्या बाळांनी सिद्ध केलं. १९८० च्या दशकातही अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर कित्येकदा नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावरच शस्त्रक्रिया होत. बाळांना तीव्र औषधं सोसणार नाहीत, ही भीती खरी होती. पण त्यांना वेदना नीट कळत नाहीत आणि आठवणार तर नाहीतच, हा समजही तिच्या जोडीला होता. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे, मूळचे भारतीय डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद यांनी हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत काही बाळांना याच औषधांसोबत फेंटानिल दिलं, काहींना दिलं नाही. १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले: फेंटानिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त उसळली होती आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक होत्या. आठवण नसलेल्या शरीराने हिशेब ठेवला होता.

एन्डोस्कोपीच्या खोलीत रुग्ण कण्हला तर 'उद्या त्याला काही आठवणार नाही' असं आजही सहज म्हटलं जातं. मिडॅझोलॅम दिलं असेल तर ते बहुधा खरंही ठरतं. पण मिडॅझोलॅम वेदना कमी करत नाही. फेंटानिल आणखी द्यायचं की नाही, हे त्या कण्हण्यावरूनच ठरवावं लागतं.