ऐकीव पक्ष्यांचे प्रामाण्य

थंडी पडू लागली की पैठणच्या नाथसागर जलाशयावर पट्टकदंब उतरल्याची बातमी छत्रपती संभाजीनगरच्या पक्षिमित्रांत फिरू लागते. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पक्षी त्या दिवशी पाहिलेला नसतो. तरीही ते ‘पट्टकदंब आले’ असे सांगतात. ‘आले म्हणे’ असे नाही. हे बेधडक विधान करण्याचा त्यांना अधिकार आहे का? चार्वाक ‘नाही’ म्हणेल, कारण त्याला प्रत्यक्षापलीकडे काही मान्यच नाही. वैशेषिक आणि बौद्ध म्हणतील, हे निव्वळ अनुमान आहे: सांगणारा भरवशाचा, म्हणून गोष्ट खरी असावी. नैयायिक मात्र शब्दाला, म्हणजे भरवशाच्या माणसाच्या सांगण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात, आणि पक्ष्यांच्या बाबतीत तरी त्यांचीच बाजू खरी आहे असे माझे मत आहे. डोळ्यांना दिसतो तो समोरचा पक्षी. त्याचा हंगाम डोळ्यांना दिसत नाही. पक्षी केव्हा येतात, केव्हा जातात, यंदा उशीर झाला की नाही, हे अनेकांनी अनेक वर्षे सांगितलेल्यातूनच कळते. त्यातही नाथसागराला पुरातन परंपरेचा आधार नाही. धरण 1976 मध्ये पूर्ण झाले, अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झाले. इथल्या पाणपक्ष्यांविषयी जे ठाऊक आहे ते सारे अलीकडच्या, साध्या माणसांच्या साक्षीतून आलेले. मंगोलियात गळपट्टा बांधलेला पट्टकदंब भारतात दिसतो, तेव्हा ज्यांची कधी गाठ पडणार नाही अशा दोन माणसांच्या शब्दांतून एक प्रवास सिद्ध होतो. आणि साक्षीदार भरवशाचा आहे हे तरी ठरवायचे कसे? त्याची नोंद इतरांच्या नोंदींशी ताडून, म्हणजे पुन्हा शब्दानेच. ज्या अनुमानात शब्दाला जिरवायचे, ते अनुमानच शब्दावर उभे आहे.

यावर आजचा आक्षेप ठरलेला: आता कॅमेरा आहे, शब्द हवा कशाला? रानपिंगळ्याची कथा याला पुरेसे उत्तर देते. 1884 नंतर या घुबडाचा खरा पुरावा मिळालेला नव्हता. होता तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेत टिपल्याचा दावा केलेला एक नमुना. नमुना अस्सल रानपिंगळ्याचाच होता, पण तो संग्रहालयातून चोरलेला, आणि त्याच्यावरची चिठ्ठी खोटी. पक्षी हातात असूनही त्याचे स्थळ आणि काळ खोटे निघाले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींचा माग घेतला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत सापडला. छायाचित्राचेही तसेच आहे. ते पक्षी दाखवते. कुठला आणि केव्हाचा, हे शेवटी माणसाच्या सचोटीवर सोपवते.

मग ज्याचा शब्द प्रमाण मानायचा तो ‘आप्त’ कोण? ज्येष्ठ अभ्यासकाचाच शब्द चालावा, नवख्याने ऐकून घ्यावे, असा सूर आपल्याकडे अधूनमधून लागतो. न्यायसूत्रांवरचे वात्स्यायनाचे भाष्य त्याहून उदार आहे. ज्याने वस्तू नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. या व्याख्येत पैठणच्या जलाशयावर रोज जाळे टाकणारा मच्छीमार सहज बसतो. पिंगळ्याला रानपिंगळा ठरवून मोकळा होणारा पदवीधर मात्र बसत नाही. न दिसण्यालाही हीच अट लागू आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला प्रमाण मानले, पण वस्तू असती तर दिसलीच असती, अशा परिस्थितीत. धुक्यात दहा मिनिटे उभे राहून ‘यंदा रोहित पक्षी नाहीत’ म्हणणे हे प्रमाण नव्हे.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. त्या दिवसांत नाथसागरावर किंवा सलीम अली सरोवरावर जाल तेव्हा पक्ष्याच्या नावासोबत तारीख, जागा आणि किती वेळ पाहिले तेही लिहा. ओळखीची खात्री नसेल तर शंकाही लिहा. शंका लपवणाऱ्याची नोंद वहीत नसलेलीच बरी.