‘गरुड’ नामाची निरुक्ती आणि तिचा बोध

‘गरुड’ हे नाम उच्चारताच विशाल पंखांचा, सर्पांचा वैरी असा पक्षिराज मनश्चक्षूंपुढे उभा राहतो. परंतु हे नाम त्याला कोणत्या गुणावरून प्राप्त झाले? सर्व नामे धातूंपासून निष्पन्न होतात, हा नैरुक्तांचा पक्ष यास्काचार्यांनी निरुक्तात मांडला आहे. त्याच दृष्टीने या नामाचा विचार करू.

व्याकरणपरंपरा हा शब्द ‘गॄ’, म्हणजे गिळणे, या धातूपासून साधते. त्या अर्थाने गरुड म्हणजे गिळणारा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात ‘गरुत्मान्’ हे पद येते. अमरकोश ‘गरुत्’ याचा अर्थ पंख असा देतो, आणि ‘गरुत्मान्’ हे गरुडाचेच नाम म्हणून सांगतो. महाभारताच्या आदिपर्वाच्या प्रचलित पाठात मात्र निराळीच निरुक्ती आढळते. ‘गुरु’ म्हणजे जड भार घेऊन जो उडाला, तो गरुड.

प्रसंग असा. माता विनता हिच्या दास्यमुक्तीसाठी अमृत आणावयास निघालेला गरुड क्षुधेने व्याकुळ होता. पिता कश्यप यांच्या सांगण्यावरून त्याने परस्परांशी झुंजणारे हत्ती व कासव नखांत धरले आणि एका महावृक्षाच्या फांदीवर तो टेकला. फांदी मोडली. पाहतो तो तिला वालखिल्य ऋषी अधोमुख लोंबत तप करीत होते. ती पडली तर त्यांचा घात होईल, म्हणून त्याने फांदी चोचीत धरली. कश्यपांच्या विनंतीवरून ऋषी ती सोडून जाईपर्यंत तो भार वाहत उडत राहिला. भक्ष्य नखांत होते. पण चोच गुंतलेली होती. हे कर्म पाहून महर्षींनी त्याला ‘गरुड’ म्हटले.

येथे कोणी शंका घेईल की, शब्दशास्त्राला संमत अर्थ ‘गिळणारा’ हाच असताना दुसऱ्या निरुक्तीचे प्रयोजन काय? उत्तर असे की, व्युत्पत्ती शब्दाचे मूळ सांगते. कथेतील निरुक्ती त्या नामाची योग्यता सांगते. गिळण्याची शक्ती त्याला जन्मतःच लाभली होती. ज्या मुखाने गिळावयाचे, त्याच मुखाने दुर्बळांचा आधार तोलून धरणे, हे त्याने स्वतः केले. पुढे अमृत हाती येऊनही त्याने ते स्वतः प्राशन केले नाही, हेही याच स्वभावाला धरून झाले.

दार्ष्टांतिक असे. सामर्थ्य, विद्या, अधिकार ही प्रत्येकाची चोच होय. क्षुधा अधर्म नव्हे. गरुडानेही पुढे ते भक्ष्य खाल्लेच. परंतु आपण टेकलो त्या फांदीला कोण लोंबत आहे, हे न पाहता तिला सोडून देणे हा अधर्म होय. म्हणून साधकाने नित्य स्वतःला विचारावे: माझे नाम मी काय गिळले यावरून पडेल, की काय वाहिले यावरून?