जर्सी कोणाची जळते?

११ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री ओक्लाहोमा सिटीच्या बास्केटबॉल क्रीडागृहात कित्येक प्रेक्षक कपकेकची चित्रं छापलेले टीशर्ट घालून आले होते. कपकेक म्हणजे मऊ, कच्च्या दिलाचा माणूस. हा टोमणा केविन ड्युरंटसाठी होता. आठ हंगाम तो या शहरासाठी खेळला आणि २०१६ च्या जुलैत गोल्डन स्टेट वॉरिअर्सकडे गेला. तो गेला तेव्हा त्याच्या जर्सी जाळल्या गेल्या होत्या. आता परका संघ घेऊन तो परतला, तर चेंडू हातात येताच सगळं क्रीडागृह त्याच्या नावाने ओरडत होतं.

हा राग मी समजू शकतो. २०१६ मध्येच ओक्लाहोमा सिटी बाद फेरीच्या मालिकेत वॉरिअर्सविरुद्ध ३-१ अशी पुढे होती आणि ४-३ ने हरली. ज्यांनी हरवलं त्यांच्याच घरी हा जाऊन बसला. वॉरिअर्सनी त्या हंगामात साखळीतले ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. ड्युरंट आल्यावर २०१७ च्या बाद फेरीत ते १६ सामने जिंकले आणि एकच हरले. ऑक्टोबरात सामने सुरू होतात आणि जूनमध्ये कोण जिंकणार हे आधीच ठाऊक, अशा खेळात बघणाऱ्याने जीव तरी कशात गुंतवायचा? वॉरिअर्स देशभर नकोसे झाले ते यामुळे. टीव्हीच्या नऊ वर्षांच्या, २४ अब्ज डॉलरच्या कराराने त्या उन्हाळ्यात संघांची पगारमर्यादा एका झटक्यात ७ कोटींवरून ९.४ कोटी डॉलरवर नेली, म्हणून ड्युरंटला घेणं वॉरिअर्सना जमलं. वाढ टप्प्याटप्प्याने करावी असं एनबीए लीगचं म्हणणं होतं. खेळाडूंच्या संघटनेने ते मानलं नाही.

पण ड्युरंटवर ओरडणाऱ्या त्या गर्दीपुढे नऊ वर्षांपूर्वीची एक हकीकत ठेवायला हवी. २००७ च्या ड्राफ्टमध्ये ड्युरंटला ओक्लाहोमाने निवडलंच नव्हतं. त्याला निवडलं सिएटल सुपरसॉनिक्सने. ड्राफ्टमध्ये तरुण खेळाडूला कुठे खेळायचं हे विचारत नाहीत. संघ त्याची निवड करतो, तो संघाची करत नाही. पदार्पणाचं वर्ष तो सिएटलमध्ये खेळला. पुढच्या वर्षी संघच उचलून ओक्लाहोमाला नेला गेला, आणि संघाबरोबर तोही.

सिएटलचा संघ १९६७ पासूनचा, १९७९ चा विजेता. २००६ मध्ये कॉफीच्या धंद्यातल्या हॉवर्ड शुल्ट्झ यांनी तो सुमारे ३५ कोटी डॉलरला क्ले बेनेट यांच्या गटाला विकला. हा गट ओक्लाहोमाचा. संघ इथेच ठेवण्याचा प्रयत्न करू, असं बेनेट सांगत होते. मग सुमारे ५० कोटी डॉलरच्या नव्या क्रीडागृहासाठी सार्वजनिक पैसा मागितला गेला आणि तो मिळाला नाही. २००७ मध्ये गटातले एक भागीदार ऑब्री मॅक्लेंडन वर्तमानपत्राला सरळ बोलून गेले, की सिएटलमध्ये ठेवण्यासाठी आम्ही संघ घेतलेलाच नाही. लीगने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला. दंड बोलण्याबद्दल झाला. संघ मात्र लीगमधल्या मालकांनी बहुमताने नेऊ दिला. क्रीडागृहाच्या भाडेकराराची दोन वर्षं शिल्लक होती, म्हणून शहर कोर्टात गेलं. जुलै २००८ मध्ये साडेचार कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि संघ गेला.

इथे मला या सगळ्या द्वेषाची मेख दिसते. खेळाडू गेला की विश्वासघात होतो. मालक अख्खा संघ घेऊन गेला की तो व्यवहार ठरतो. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँड सोडलं ते टीव्हीवर कार्यक्रम करून. तो प्रकार निर्दय होता आणि लेब्रॉनबद्दलची नाराजी मला रास्त वाटते. पण त्याच रात्री संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी जाहीर पत्र लिहून त्याला दगाबाज ठरवलं. जणू तो त्यांची मालमत्ता होता. करार संपलेल्या माणसाने नोकरी बदलली, एवढीच ती घटना होती. हा हक्कही खेळाडूंना फुकट मिळालेला नाही. ऑस्कर रॉबर्टसनच्या नावाने चाललेला खटला १९७६ मध्ये मिटला, तेव्हा कुठे त्याची वाट मोकळी झाली.

रागाला आणखी एक रंग आहे आणि त्याबद्दल गप्प बसणं बरोबर नाही. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय, मालक जवळजवळ सगळे गोरे. २००४ मध्ये डेट्रॉइटजवळच्या क्रीडागृहात खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात हाणामारी झाली. ती वाईटच होती आणि शिक्षाही कडक झाल्या. पण पुढच्याच वर्षी आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी पोशाखाचे नियम आणले आणि गळ्यातल्या साखळ्या, ढगळ कपडे यांवर बंदी आली. प्रेक्षकांच्या अंगावर धावून जाण्याचा साखळीशी काय संबंध? प्रतिमा सुधारण्याच्या नावाखाली एका समाजाची राहणी संशयित ठरवली गेली. ‘हे लोक उद्धट, पैशाला हपापलेले’ असं एखाद्या संघाबद्दल ऐकलं की बोलणाऱ्याला नेमकं काय खटकतंय हे विचारावंसं वाटतं.

सिएटलच्या कथेला मुंबईची एक बाजू आहे. २०१३ मध्ये सिएटलच्याच एका गटाने सॅक्रमेंटो किंग्ज विकत घेऊन आपल्या शहरात न्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. ज्या शहराचं दुःख मी वर सांगितलं, ते दुसऱ्या शहराला तेच द्यायला निघालं होतं! मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं, आणि मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने किंग्ज घेऊन सॅक्रमेंटोतच ठेवले. त्यासाठी सॅक्रमेंटोने नव्या क्रीडागृहाकरता सार्वजनिक पैसा पुढे केला होता. तोच किंग्ज संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळला. भारतातले एनबीए संघांचे ते पहिले सामने. त्या दिवशी वरळीत टाळ्या घेणारा संघ सहा वर्षांपूर्वी आपल्या गावाला कायमचा मुकणार होता.

२०२५ च्या फेब्रुवारीत राग कुणावर धरायचा हे मात्र डॅलसच्या लोकांना नीट कळलं. आदल्याच वर्षी संघाला अंतिम फेरीपर्यंत नेणाऱ्या लुका डॉन्चिचला व्यवस्थापनाने एका रात्रीत लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं. त्याला स्वतःला काही विचारलं नव्हतं. लोक शवपेटी घेऊन क्रीडागृहाबाहेर जमले. सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांना काढा, ही घोषणा सामन्यामागून सामन्यात घुमत राहिली. एप्रिलमध्ये डॉन्चिच लेकर्सकडून डॅलसला आला. त्याच्या जुन्या खेळाची चित्रफीत लावली तेव्हा तो बाकावर बसून रडला आणि लोक उभे राहिले. मग त्याने त्यांच्याच संघाविरुद्ध ४५ गुण केले, आणि ते टाळ्या वाजवत राहिले. नोव्हेंबरात हॅरिसन यांना पदावरून दूर करण्यात आलं.