दुसऱ्याच्या नावे आलेले पत्र

दुसऱ्याच्या नावे आलेले पत्र उघडू नये, हा संस्कार आपल्या घरांतून लहानपणीच होतो. मग रणभूमीवर पडलेल्या सैनिकाने पत्नीला लिहिलेली पत्रे अभिलेखागारात ठेवावीत आणि ती कोणाही अभ्यासकाने वाचावीत, हे नीतीला धरून आहे काय?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस, हिंदी सैन्य फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले. त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे आणि गावी कोणा शिकलेल्याने ते वाचून दाखवायचे, अशी रीत होती. या दोहोंच्या मध्ये सरकारी तपासनीस बसलेला. फौजेत असंतोष तर नाही ना, हे पाहण्यासाठी बुलोनच्या कचेरीत पत्रे उघडली जात आणि निवडक उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर अहवालांना जोडले जाई. शिपाईही कच्चे नव्हते. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशी खुणेची भाषा त्यांनी काढली. तपासनिसांनी तीही ओळखली!

ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने १९९९ मध्ये त्यांतील निवडक पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ज्या घरांनी ती पत्रे मायेने घेतली, तेथील बहुतेक कागद काळाच्या ओघात नाहीसे झाले. ज्यांनी ती संशयाने उघडली, त्यांच्या दप्तरात मजकूर टिकला. तोही इंग्रजीत. शिपायाने उर्दूत वा गुरुमुखीत योजलेला शब्द बहुधा कायमचाच गेला.

पत्रे फोडणाऱ्यांचा हेतू शुद्ध नव्हता, म्हणून आम्ही ती वाचू नयेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. सरकारी कागदांत सैनिक हा एक आकडा असतो. त्या युद्धात सुमारे ७४,००० हिंदी सैनिक मेले, एवढेच तो कागद सांगतो. धाकट्या भावाला भरती होऊ देऊ नका, अशी घरच्यांना विनवणी करणारा माणूस भेटतो तो पत्रांतच. हे युद्ध महाभारतात वर्णिलेल्या युद्धासारखेच आहे, असे लिहिणारा जखमी शिपाईही तेथेच भेटतो. मेसोपोटेमियात मराठा पलटणी होत्या. कूत येथील वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या फौजेतही त्या होत्या. त्या शिपायांची किती पत्रे कोकणात आणि साताऱ्याकडे आली असतील, आणि त्यांतली किती आज हाती आहेत?

संत पौलाने फिलेमोनला पाठविलेले पत्र हेही मुळात खासगीच. अनेसिम या दासाविषयी एका मित्राने दुसऱ्याला केलेली ती रदबदली. जेमतेम पंचवीस ओव्यांची. घेणाऱ्याने ते आपल्यापुरते ठेवून नष्ट केले असते, तर त्याला दोष कोणी दिला असता? परंतु ख्रिस्तसभा एका मोठ्या ठेव्याला मुकली असती.

तथापि सर्वच पत्रे सारखी नसतात. फ्रान्समधून मित्राला लिहिताना शिपायांनी तेथील स्त्रियांविषयीही लिहिले आहे. असे पत्र हयात विधवेच्या हाती पडू देणे याला आम्ही इतिहाससेवा म्हणणार नाही. म्हणूनच कागद देताना अमुक वर्षे पुडके उघडू नये, अशी अट घालता येते. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे.

वडिलांच्या ट्रंकेत पत्रे सापडली, काय करावे, असे कोणी विचारले तर आम्ही सांगतो : चिकटपट्टी लावू नका, पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, कोण कोणास लिहिते ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीने नोंदवा. आणि मुलगा मिळवता असला तरी निर्णय त्याचा नव्हे. पत्रे आईच्या नावे असतील आणि आई हयात असेल, तर आधी तिला विचारावे. ती ‘जाळून टाक’ म्हणाली, तर थोडे थांबण्याची विनंती करावी, बंद पुडक्याची सोय समजावून सांगावी, महिन्याभराने पुन्हा विचारावे. तरीही ती नाहीच म्हणाली, तर पत्रे तिची आहेत.