कच्चे मडके कोणाचे?

कीर्तन आटोपते, आरती होते, मंडळी प्रसाद घेऊन घराकडे वळतात, आणि मंडपाच्या खांबाआड एखादी माउली उभी राहिलेली दिसते. सगळे गेले की ती हळूच पुढे येते. "बुवा, पोरगा सोळा वर्षांचा झालाय. शाळा सोडली. बापावर हात उगारतो. त्याला तुमच्यापाशी ठेवा, माळ घाला." पूर्वी अशा वेळी आम्ही त्या पोराला समोर बसवून तासभर उपदेश करीत असू. त्या उपदेशाने एकही पोर सुधारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

तरीही अशा पोरांची संगत आम्हांस लागली आणि ती सुटली नाही. काही आयांनी आणून सोडलेली. काही आम्ही दर शनिवारी एका निरीक्षणगृहात टाळ-मृदंग शिकवायला जात असू, तिथे भेटलेली. आमचे एक स्नेही, स्वतः चांगले कीर्तनकार, एकदा म्हणाले, "बुवा, ही सेवा ठीक आहे. पण हिचे फळ काय?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर सापडायला आम्हांस फार दिवस लागले, आणि ते सापडले तेही आमच्या हातून अपराध घडला तेव्हा.

आधी पूर्वपक्ष मांडू. कोणी म्हणतो, ज्याचे त्याचे संचित. काय व्हायचे ते होणार. कोणी म्हणतो, अशा पोरांना दिंडीत घेतले तर आपली पोरे बिघडतील. पहिल्यास विचारावे, अहो, संचितावरच सारे सोडायचे तर आपण वारीला तरी का चालतो? दुसऱ्यास विचारावे, कुसंगतीत एवढे बळ आहे असे तुम्ही मानता, मग सत्संगात त्याच्या निम्मेही बळ नाही काय? हे आक्षेप सोपे आहेत. खरा अवघड आक्षेप तिसरा. सेवा निष्काम असावी, असे आपण रोज सांगतो. मग 'हा पोर सुधारला पाहिजे' अशी इच्छा धरून केलेली सेवा सकाम झाली की नाही?

याचे उत्तर देण्यापूर्वी ही सेवा कशी चालते ते सांगतो. या वयाच्या पोराला शब्द नको असतो; पूर्वी कोणी गोड शब्दांनीच त्याला फसवलेले असते. त्याला काम हवे असते, आणि असे काम, की तो नसला तर अडेल. राहुटीचे खुंट ठोकणे, पाण्याचा टँकर आला की हंडे भरून घेणे, पहाटे काकड्याला मंडळींना उठवणे. टाळ तर फार उत्तम, बरं का! टाळ दहा जणांत वाजवायचा असतो. पाऊल शेजाऱ्याच्या पावलाबरोबर टाकावे लागते. जे पोर महिनाभर वर मान करून बघत नाही, ते पावली चुकू नये म्हणून प्रथम शेजाऱ्याच्या पायांकडे बघते. मग केव्हातरी तोंडाकडे बघते. एवढ्याला कधी सहा महिने लागतात.

तेवढा काळ थांबता आले पाहिजे. ज्ञानोबाराय लोकांच्या बोलण्याने दुखावले आणि झोपडीची ताटी लावून बसले, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. धाकटी बहीण मुक्ताबाई दाराशी आली. तिने ताटी मोडली नाही. ती बाहेर बसून विनवीत राहिली. ताटी आतून उघडते. थोरांच्या चरित्रातही रुसण्याचा असा प्रसंग आहे; मग आपण कोणाच्या पोराचे दार लाथेने का उघडावे?

निरीक्षणगृहात पहिल्याच दिवशी तिथल्या अधिकाऱ्यांनी आम्हांस बजावले होते, "मुलाला, तू काय केलेस, असे विचारायचे नाही." २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाकडून गुन्हा घडला, तरी त्याचे नाव, गाव, शाळा, ओळख पटेल असे काहीही छापता येत नाही. त्याला नव्याने सुरुवात करता यावी, हे त्या कायद्याचे एक तत्त्वच आहे. आम्ही मान डोलावली. "हे तर संतांचेच मत," असेही म्हणालो. म्हणणे सोपे होते.

तिथलाच एक मुलगा पुढे त्याच्या आईच्या संमतीने आमच्याकडे राहिला. मृदंगावर त्याचा हात असा बसला की दोन वर्षांत तो आमच्या कीर्तनाला साथ करू लागला. आषाढी वारीत नातेपुत्याच्या मुक्कामी रात्री कीर्तन होते. मंडप भरलेला. पतितपावन या पदाचे विवरण चालले होते, आणि आम्हांस दृष्टांत सुचला. नाव घेतले नाही. पण एक मुलगा काय करीत होता, कुठून आला, आता कोणते वाद्य वाजवतो, हे सारे सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेकडो डोळे मृदंगाकडे वळले. ठेका चुकला नाही. त्याने कीर्तन शेवटपर्यंत साथीने नेले.

पहाटे तो नव्हता. मृदंगाची कणीक स्वच्छ काढलेली, गवसणी नीट बांधलेली, आणि मृदंग आमच्या उशाशी ठेवलेला.

पंढरपूरपर्यंतची उरलेली वाट आम्ही कशी चाललो ते पांडुरंगास ठाऊक. वाटेत एकच कथा मनात घोळत राहिली, आणि तीही मुक्ताबाईचीच. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतांची परीक्षा झाली. काकांनी थापटणे हाती घेतले, एकेकाचे मस्तक थापटून पाहिले, आणि नामदेवरायांचे मडके कच्चे ठरले. कारण एवढ्या थापेने ते रागावले. आजवर आम्ही ही कथा सांगताना स्वतःला कुंभार समजत होतो आणि पोरांना मडकी. त्या रात्री थाप बसली ती आम्हांवर. लोकांच्या टाळ्यांनी जे फुगले ते मडके कोणाचे होते?

कार्तिकीला तो आपण होऊन आला. आम्ही काही बोलण्याआधीच म्हणाला, "बुवा, तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत. पण ते माझं होतं." इतकेच. मग रीतीप्रमाणे तो पाया पडला, आणि आम्ही त्याच्या पाया पडलो. वारकरी लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. आम्ही जन्मभर पडत आलो. परंतु त्या दिवशी वाकताना कमरेला जे जड गेले, तेवढे पूर्वी कधी गेले नव्हते. मान खाली होती हे बरे झाले.

आता सिद्धांत. पोर सुधारावे ही इच्छा धरण्यात दोष नाही. ती आईचीच इच्छा आहे. ते सुधारले याचे श्रेय आपले म्हणून चारचौघांत मांडणे, हा काम, आणि तोच दोष. त्याचे सुधारणे हे त्याचे फळ. ते त्याने कष्टाने मिळवलेले असते आणि ते कोणाला दाखवायचे हे त्याने ठरवायचे. मग सेवा करणाराच्या पदरात काय पडते? त्याचे स्वतःचे मडके भाजून निघते. तो थांबायला शिकतो, कमी बोलायला शिकतो, आणि ज्याला आपण शिकवायला गेलो त्याच्यापुढे एकदा खरोखर वाकतो. स्नेह्यांच्या प्रश्नास आमचे उत्तर एवढेच आहे.

वाचक म्हणतील, बुवा, तुम्ही पुन्हा तेच केलेत की! म्हणून सांगतो. हा लेख छापायला धाडण्यापूर्वी त्याला वाचून दाखवला. त्याने दोन वाक्ये काढायला लावली, ती काढली. तो सध्या कुठे असतो, काय करतो, हे लिहू नका म्हणाला, लिहीत नाही.

माउली, येत्या वारीत आपल्या दिंडीत असे एखादे पोर आले, तर त्याच्या हाती टाळ द्या, राहुटीचा एक खुंट त्याच्याकडे सोपवा. मागचे विचारू नका. आणि ते टाळात रंगले, तर ती गोष्ट पांडुरंगाच्या कानी घाला. मंडपात सांगू नका.

रामकृष्ण हरि.