उत्तमर्ण कोण आणि अधमर्ण कोण?

संतसज्जनहो, संस्कृतात कर्ज देणाऱ्यास 'उत्तमर्ण' आणि घेणाऱ्यास 'अधमर्ण' म्हणतात. ऋणाच्या व्यवहारात एक वरच्या बाजूस, दुसरा खालच्या बाजूस, एवढाच त्याचा अर्थ. पण लोकांनी हे शब्द माणसालाच चिकटविले. ज्याच्यापाशी पैसा तो उत्तम, नाही तो अधम! आज याचाच थोडा विचार करू.

आधी पंगत पाहू. 2022-23 साली आपल्या देशात संपत्तीची वाटणी कशी होती, याचा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे. शंभर माणसे पंगतीला बसली आणि शंभर पुरणपोळ्या झाल्या, असे धरा. त्यांतल्या चाळीस एकाच्याच पानात पडल्या; आणि शेवटच्या पन्नास जणांत मिळून सहा-साडेसहा! अशा पंगतीत त्या एकाच्या घशाखाली घास उतरेल काय? अहो, उतरतो, हेच तर नवल!

दूरचे कशाला? बीडकडच्या गावांत कार्तिकात कीर्तनाला गेलो की आमच्यासमोर म्हातारी माणसे आणि पोरेच बसलेली असतात. कर्ती माणसे ऊसतोडीला गेलेली. मुकादमाकडून उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या थंडीत फड गाठायचा, ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. आजारपणाने खाडा झाला तर दंड. पट्टा पडला की हिशेब होतो, आणि फिटले थोडे, राहिले पुष्कळ, असे कित्येकांच्या नशिबी येते. मग पुढल्या सालची उचल. 1976 साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. कायदा चांगला, पण गाठ सगळीकडे सुटली नाही.

आषाढीला हाच कोयतेवाला दिंडीत असतो आणि ऊसवाला बागाईतदारही असतो. दोघे एकमेकांच्या पाया पडतात. ही आपल्या संप्रदायाची थोरवी खरीच. पण वाळवंटात पाया पडायचे आणि फडात मान वर करू द्यायची नाही, याला काय म्हणावे?

येथे पूर्वपक्ष असा येतो : "महाराज, ज्याचे त्याचे प्रारब्ध!" बरे, प्रारब्धच म्हणता ना? मग त्याच्याकडचे येणेही प्रारब्धावर सोडा की! तेथे मात्र तुम्ही वही उघडता, तारीख पाहता, अंगठा दाखविता. दुसऱ्याच्या भुकेला प्रारब्ध आणि आपल्या येण्याला पुरावा, हा वेदान्त नव्हे. ही सोय आहे.

तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. 1630 च्या सुमारास दुष्काळ पडला. त्यात पत्नी गेली, मुलगा गेला. महाराज स्वतः पोळलेले होते. येणे वसूल करायला निमित्त पुष्कळ होते. पण परंपरा सांगते की, धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांनी कान्होबांस दिला आणि आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली. बारकावा पाहा : दुसऱ्याच्या वाट्यावर औदार्य केले नाही, आपल्याच वाट्यावर पाणी सोडले.

आता त्याच पुणे प्रांतातली दुसरी गोष्ट. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. रोख मुख्यतः कागदांवर होता. खतपत्रे बाहेर काढून त्यांनी जाळली. लोण आसपासच्या गावांत पसरले, सरकारने चौकशी बसविली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. देहूस कागद पाण्यात गेले, सुप्यास आगीत. धन्याने आपल्या हाताने सोडले तर पाणी, नाही सोडले तर आग! कोणते बरे, हे धनवंतांनीच ठरवावे.

"आम्ही वारीत अन्नदान करतो की!" करा, अवश्य करा; भुकेल्याच्या मुखी गेलेला घास वाया जात नाही. पण मजुरी कापून घातलेले जेवण हे अन्नदान कसे? ते तर त्याचेच अन्न त्याला वाढणे झाले.

देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तिन्ही सर्वांस ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे. माणूस जन्मतो तोच माणसांचा ऋणी होऊन. मग ज्याने माणसांच्या कष्टांतून अधिक घेतले, त्याचे ऋण अधिक. बागाईतदाराच्या वाड्याची एकेक वीट कोयत्याकडून उसनी आलेली आहे. सांगा आता, उत्तमर्ण कोण आणि अधमर्ण कोण?

म्हणून दिंडीतल्या धनवंतांस आमचे मागणे थोडे आहे. वही उघडा. उचल दोघांना वाचता येईल अशी लिहा. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या पोराकडून वाचून घ्या, आणि ते पोर शाळेत राहील एवढी तजवीज करा. आजाऱ्याचा खाडा धरू नका. मजुरी दिवसाच्या दिवशी मोजा. आणि ज्याने अंग झिजवून मुद्दल फेडले, त्याचे उरलेले पान फाडून टाका. इंद्रायणी लांब असली तरी चालेल. गावच्या ओढ्याला पाणी आहे.

रामकृष्णहरि.